वकिलीचा झगा उतरवून मुलांची आई झालेले गिजुभाई बधेका

भावनगर, १५ नोव्हेंबर (जयंती विशेष) : देशभरातील शाळांमध्ये बालदिन साजरा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ नोव्हेंबर रोजी, भारतातील बालशिक्षणाच्या एका आद्य प्रवर्तकाची जयंती येते. गिरिजाशंकर भगवानजी बधेका हे त्यांचे पूर्ण नाव. देश त्यांना गिजुभाई म्हणून ओळखतो आणि गुजरातेत ते ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, या नावाने आजही स्मरणात आहेत. भरघोस मिशा असलेल्या, काही वर्षे न्यायालयात उभे राहून युक्तिवाद केलेल्या पुरुषाला समाजाने आई म्हणावे, ही गोष्ट जितकी कौतुकाची तितकीच विचार करायला लावणारी आहे.

प्राथमिक शाळांमधून आज मुलांचे मानसिक स्वास्थ्य, परस्परांविषयीची दयाबुद्धी आणि सुरक्षितता यांचे स्वतंत्र तास घेतले जातात. त्यासाठी पुस्तिका आहेत, प्रशिक्षणे आहेत, वेळापत्रकात राखून ठेवलेली वेळ आहे. शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या एका टेकडीवर गिजुभाईंनी चालवलेल्या बालमंदिरात असा कोणताही तास नव्हता. तेथे सुरक्षितता हा शिकवण्याचा विषय नव्हता, तर शिकवणे सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हायची अट होती. मूल भयातून मुक्त झाल्याखेरीज त्याला अक्षर, अंक किंवा सदाचार यांपैकी काहीच खऱ्या अर्थाने देता येत नाही, या एका निष्कर्षाभोवती त्यांनी आपले उर्वरित आयुष्य उभे केले.

वकिलीतून वर्गाकडे

गिजुभाईंचा जन्म १८८५ मध्ये सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. हे गाव आजच्या अमरेली जिल्ह्यात येते. त्यांचे बालपण व शिक्षण भावनगर संस्थानच्या परिसरात झाले. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून १९०७ मध्ये, उण्यापुऱ्या बाविसाव्या वर्षी, ते पूर्व आफ्रिकेला गेले. काठियावाडातील अनेक तरुण त्या काळी समुद्रापलीकडे नशीब अजमावत असत. गिजुभाई त्यांच्यापैकीच एक होते. तेथील मुक्कामाने त्यांच्या अंगी स्वावलंबन बाणवले. आपले काम आपण करावे, कोणत्याही कामाला हलके मानू नये, ही तेथे लागलेली सवय पुढे त्यांच्या बालमंदिरात शिक्षणाचे सूत्र म्हणून प्रकटली.

१९०९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि सौराष्ट्रातील वढवाण येथे वकिली सुरू केली. व्यवसायात जम बसत होता. मात्र १९१३ मध्ये पुत्र नरेंद्र याचा जन्म झाला आणि एका वेगळ्याच प्रश्नाने त्यांना घेरले. या मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हा तो प्रश्न होता. आजूबाजूच्या शाळांत पाठांतर, घोकंपट्टी, गुरुजींचा दरारा आणि छडी यांचे राज्य होते. ज्या वातावरणात एक दिवसही स्वतःच्या मुलाला बसवण्याची कल्पना सहन होत नाही, त्याच वातावरणात गावातील सारी मुले वर्षानुवर्षे बसतात, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली.

उत्तराच्या शोधात ते बालशिक्षणाकडे वळले. चरोतर भागात ग्रंथालयांची चळवळ उभारणारे शिक्षणसेवक मोतीभाई अमीन यांच्यामुळे इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या कार्याशी त्यांचा परिचय झाला. व्यवसायाने वैद्य असलेल्या मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह सुरू केले होते. मुलाला शिस्त लावण्याआधी त्याचे निरीक्षण करावे, त्याच्या उंचीच्या व आवाक्याच्या वस्तू त्याच्या हाती द्याव्यात आणि मोठ्यांनी थोडे मागे सरावे, हा त्या पद्धतीचा गाभा गिजुभाईंना पटला.

त्या सुमारास भावनगरमध्ये श्री दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था आकार घेत होती. शामळदास महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडून आलेले नानाभाई भट्ट तिचे प्राण होते. १९१० मध्ये वसतिगृहाच्या रूपाने सुरू झालेल्या या संस्थेच्या कारभाराशी गिजुभाई आधी कायदेशीर सल्लागार या नात्याने जोडले गेले. १९१६ मध्ये त्यांनी वकिली कायमची सोडली आणि संस्थेत साहाय्यक गृहपती म्हणून ते रुजू झाले. त्यानंतर संस्थेच्या विनय मंदिर या माध्यमिक शाळेचे आचार्यपद त्यांच्याकडे आले.

टेकडीवरील बालमंदिर

मोठ्या मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आले की, आपण फार उशिरा पोहोचत आहोत. बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास, कुतूहल आणि बोलण्याचे धाडस प्राथमिक शाळेतच खच्ची झालेले असे. म्हणून १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. माध्यमिक शाळेचे आचार्यपद सोडून चिमुकल्यांच्या मधोमध जमिनीवर बसणे, हा त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांप्रमाणे उतरता प्रवास होता. लहान मुलांना सांभाळणे हे बायकांचे काम, अशी समजूत समाजात घट्ट रुजलेली होती. गिजुभाईंना त्याची खंत वाटली नाही. १९२२ मध्ये तख्तेश्वर मंदिराजवळील टेकडीवर बालमंदिराची स्वतंत्र इमारत उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

या बालमंदिराचा दिवस नेहमीच्या शाळेसारखा नव्हता. मुले यायची ती धाकाने नव्हे, स्वतःच्या ओढीने. आल्यावर नखे, केस, हातपाय यांची स्वच्छता पाहिली जाई. पण अस्वच्छ मुलाला चारचौघांत लाजवण्याऐवजी त्याच्या हाती पाणी, साबण आणि कंगवा दिला जाई. पाणी न सांडता ओतणे, काचेचे भांडे सांभाळून नेणे, भाजी चिरणे, झाडलोट करणे, गुंड्या लावणे ही कामे मुले स्वतः करत. सोबत इंद्रियशिक्षणाची साधने, चित्रकला, संगीत, बागकाम, निसर्गातील भटकंती, नाट्यप्रयोग आणि गोष्टी होत्या.

सुरक्षिततेचे शिक्षण येथे सूचनांच्या पाटीवर नव्हते. धारदार वस्तूपासून दूर राहा, असे बजावण्याऐवजी ती कशी धरावी, कशी द्यावी, कोठे ठेवावी, हे मुलाच्या हाताला शिकवले जाई. सतत दटावलेले मूल वस्तूला घाबरते आणि घाबरलेला हात चुकतो. हाताळायला मिळालेले मूल मात्र सावध होते. हा भेद गिजुभाईंनी शिक्षकांना आणि पालकांनाही अनेक परींनी समजावून सांगितला.

शांतीचा खेळ हे बालमंदिराचे आणखी एक वैशिष्ट्य होते. खोलीत मंद प्रकाश केला जाई, मुले हालचाल न करता बसत, दूरचे आवाज ऐकत. मग शिक्षक अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेई आणि ते मूल पावलांचा आवाज न होऊ देता उठून जाई. गप्प बसवणे आणि शांत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खेळातून दिसत असे. पहिल्यात बाहेरचा दाब असतो, दुसऱ्यात मुलाची स्वतःची इच्छा.

छडी गेली, बक्षीसही गेले

बालमंदिरात शारीरिक शिक्षेला स्थान नव्हते. अपमान, टोमणे, इतरांशी तुलना यांनाही नव्हते. या गोष्टीचे त्या काळी अप्रूप वाटणे स्वाभाविक होते; परंतु गिजुभाई आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यांनी बक्षिसेही नाकारली. शिक्षेचे भय आणि बक्षिसाचा लोभ ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, अशी त्यांची धारणा होती. दोन्हींमुळे मूल कामाकडे न पाहता देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागते. शिवाय एकाच्या गळ्यात पडलेले पदक शेजारच्या वीस मुलांना आपण कमी असल्याचे सांगते, आणि तेथेच परस्परांविषयीच्या सद्भावाला तडा जातो.

दया, प्रामाणिकपणा, सहकार्य यांची प्रवचने देण्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. नीती ही सांगण्याची नसून जगण्याची वस्तू आहे आणि मुले मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या वागण्याचे अनुकरण करतात, हे त्यांच्या लेखनाचे एक स्थिर सूत्र आहे. ज्या वर्गात शिक्षक मुलाशी आदराने बोलतो, त्या वर्गातील मुले एकमेकांशी आदराने बोलू लागतात. याच्या उलट, मार खाल्लेले मूल संधी मिळताच आपल्याहून दुबळ्यावर हात उगारते. दयेचा पाठ यापेक्षा वेगळा नसतो, असे त्यांच्या प्रयोगाचे सार होते.

घरातल्या भीतीकडेही त्यांनी तितक्याच गांभीर्याने पाहिले. मूल झोपावे, जेवावे, गप्प बसावे म्हणून त्याला भूत, पोलीस, बुवा यांची भीती घालण्याची रीत घरोघरी होती. मराठी घरांतील बागुलबुवाचा हा गुजराती भाऊबंद गिजुभाईंना मुलाच्या मनावरचा आघात वाटे. ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ आणि ‘आ ते शी माथाफोड’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी घरातले साधेसुधे प्रसंग मांडून पालकांना आरसा दाखवला. आईबाप होणे अवघड आहे, हे सांगताना त्यांनी पालकांची टिंगल केली नाही. मुलाला जसे समजून घ्यायचे, तसेच पालकांनाही समजून घेत त्यांनी लिहिले.

सात शेपट्यांचा उंदीर

गिजुभाईंच्या हाती सर्वांत प्रभावी साधन होते ते गोष्टीचे. त्यांनी सौराष्ट्रातील लोककथा गोळा केल्या आणि मुलांच्या तोंडी सहज बसतील अशा लयदार भाषेत त्या पुन्हा सांगितल्या. गुजरातेतील कित्येक पिढ्या या कथांवर वाढल्या आहेत.

त्यांपैकी सात शेपट्यांच्या उंदराची कथा आज शाळेतील चिडवाचिडवीच्या संदर्भात नव्याने वाचण्यासारखी आहे. शाळेतील सोबती सात शेपट्यांवरून चिडवतात म्हणून उंदराचे पिल्लू रडत घरी येते आणि एक शेपटी कापून घेते. दुसऱ्या दिवशी सहा शेपट्यांवरून चिडवणे सुरू होते. असे करता करता एकच शेपटी उरते, तरी चिडवणे थांबत नाही. आणि तीही कापल्यावर बिनशेपटीचा उंदीर म्हणून पुन्हा हसे होतेच. कथेच्या शेवटी तात्पर्याची ओळ लागत नाही. चिडवणाऱ्यांसाठी स्वतःला छाटत जाण्याला अंत नसतो, हे पाच वर्षांच्या मुलालाही हसता हसता उमगते.

आनंदी कावळ्याची गोष्टही अशीच आहे. राजाचा रोष ओढवलेल्या कावळ्याला चिखलात टाका, काट्यांत टाका, विहिरीत टाका, तो प्रत्येक ठिकाणी काहीतरी आनंदाचे शोधून गात राहतो. शेवटी कंटाळून राजाच त्याला सोडून देतो. मनाच्या खंबीरपणाविषयी एवढ्या सोप्या भाषेत क्वचितच कोणी सांगितले असेल.

दिवास्वप्न आणि सरकारी शाळेचे वास्तव

बालमंदिर यशस्वी झाले, तरी एक आक्षेप कायम होता. मोजकी मुले, खास साधने आणि ध्येयवादी शिक्षक असतील तर हे जमेल. गच्च भरलेल्या सरकारी वर्गात, अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या चौकटीत ते कसे जमणार? गिजुभाईंनी या आक्षेपाला १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातून उत्तर दिले. त्यातील कल्पित शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून एका सामान्य प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो.

या पुस्तकाचा प्रामाणिकपणा पहिल्याच दिवसाच्या वर्णनात दिसतो. शिक्षक उत्साहाने शांतीचा खेळ घेऊ पाहतो आणि सपशेल फसतो. मुले चित्रविचित्र आवाज काढतात, हसतात, गोंधळ घालतात. धाकात वाढलेल्या मुलांना धाक उठताच शांत बसणे ठाऊक नसते, हे त्याला कळून चुकते. तो त्यांना त्या दिवशी सुट्टी देतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीपासून सुरुवात करतो. पुढे गोष्टी, खेळ, वर्गाचे छोटे ग्रंथालय, स्वच्छता, नाटक यांतून वर्गाचे रूप पालटत जाते. सहकारी शिक्षकांचा उपहास, मुख्याध्यापकांची नाराजी, पालकांची उदासीनता आणि वार्षिक परीक्षेचे दडपण या साऱ्यांना तोंड देत तो प्रयोग तडीस जातो. परीक्षा, बक्षिसे, धार्मिक शिक्षण अशा वादाच्या प्रश्नांनाही पुस्तकाने बगल दिलेली नाही.

हिंदीत हे साहित्य नेण्याचे मोठे काम काशिनाथ त्रिवेदी यांनी केले. पुढे राजस्थानातील राजलदेसर येथील मॉन्टेसरी बालशिक्षण समितीने गिजुभाईंची हिंदी ग्रंथमाला प्रसिद्ध केली. राष्ट्रीय पुस्तक न्यासामुळे ‘दिवास्वप्न’ देशातील अनेक भाषांत पोहोचले. गुजराती साहित्यातील प्रतिष्ठेचे रणजितराम सुवर्णचंद्रक हे पदक १९२९ सालासाठी गिजुभाईंना देण्यात आले होते.

ताराबाईंनी पुढे नेलेला वारसा

गिजुभाईंच्या कार्याचा महाराष्ट्राशी असलेला धागा ताराबाई मोडक यांच्या रूपाने जोडला गेला. मुंबईत जन्मलेल्या आणि राजकोटच्या बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला येऊन दाखल झाल्या. दोघांनी मिळून शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर चालवले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि ‘शिक्षण पत्रिका’ या गुजराती मासिकातून बालशिक्षणाचा विचार पालकांपर्यंत नेला. त्याच पत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ मध्ये सुरू केली. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार स्थापन केले.

बालमंदिराच्या प्रयोगाची एक मर्यादा ताराबाईंनी ओळखली होती. तो प्रामुख्याने शहरातील, बऱ्या स्थितीतील घरांपर्यंत पोहोचला होता आणि त्याची साधने महाग होती. १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचा आरंभ केला. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. महागड्या साधनांची जागा पाने, बिया, शिंपले आणि खडे यांनी घेतली. अंगणवाडी हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशाच्या कानाकोपऱ्यात रुळला. भावनगरच्या टेकडीवर जे मोजक्या मुलांना मिळाले, ते सर्वांना मिळावे, या दिशेने टाकलेले ते पाऊल होते.

अखेरची वर्षे

१९३६ मध्ये गिजुभाई दक्षिणामूर्ती संस्थेतून बाहेर पडले. ज्या संस्थेसाठी वकिली सोडली, तिथल्या दोन दशकांच्या सेवेनंतरचा हा निरोप होता. तरीही त्यांचे काम थांबले नाही. १९३८ मध्ये राजकोट येथे त्यांनी शिक्षकांसाठी पुन्हा अध्यापन मंदिर सुरू केले. मुलांना समजून घेणारे शिक्षक तयार झाले नाहीत, तर चांगल्या पद्धतीही यांत्रिक होतात, ही चिंता त्यांना शेवटपर्यंत होती.

२३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. ज्यांच्या विचाराने त्यांचे आयुष्य बदलले, त्या डॉ. मॉन्टेसरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मद्रासच्या अड्यार येथे शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी भारतात आल्या. त्यांच्या पद्धतीला भारतीय घर, भाषा आणि लोककथा यांची जोड देणारा माणूस त्यांच्या आगमनापूर्वी पाच महिने जग सोडून गेला होता.

आजचा संदर्भ

बालमंदिरातून छडी हद्दपार झाली १९२० मध्ये. देशातील प्राथमिक शाळांतून ती कायद्याने हद्दपार होण्यास त्यानंतर ९० वर्षे लागली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबतच मानसिक छळालाही मनाई केली. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ मध्ये आला. दिल्लीतील सरकारी शाळांमध्ये जुलै २०१८ पासून आनंद अभ्यासक्रम सुरू झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रारंभिक वर्षांतील खेळाधारित शिक्षणाला औपचारिक मान्यता दिली.

कायदे आणि अभ्यासक्रम आले, तरी त्यांचा कस लागतो तो वर्गाच्या बंद दाराआड. सुरक्षित व असुरक्षित स्पर्शातील फरक सांगणारा तास आवश्यकच आहे. परंतु ज्या मुलाला एरवी शिक्षकाला प्रश्न विचारण्याचीही भीती वाटते, ते मूल त्या तासानंतर आपल्यावर ओढवलेला प्रसंग कोणाला सांगेल? संकटात सापडलेले मूल त्याच मोठ्या माणसाकडे धाव घेते, ज्याने यापूर्वी त्याचे साधेसुधे बोलणेही मन लावून ऐकलेले असते. गिजुभाईंच्या काळी या विषयाची आजची परिभाषा नव्हती. मात्र ऐकून घेणारा मोठा माणूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावा, यासाठी त्यांनी आपला व्यवसाय, सामाजिक प्रतिष्ठा आणि आयुष्याची दोन दशकांहून अधिक वर्षे खर्ची घातली.

भावनगरच्या टेकडीवरील ते बालमंदिर सुरू झाल्याला आता शतक उलटून गेले आहे. वढवाणच्या एका तरुण वकिलाला स्वतःच्या मुलासाठी पडलेला शाळेचा प्रश्न मात्र आजही दरवर्षी जून महिन्यात घरोघरी विचारला जातो.